कामावर जाण्यास योग्य

लिफ्ट दुरुस्त करणारा तो मिस्त्री चौपन्न वर्षांचा होता. त्याला काही झालेलं नाही, हे मनोविकार विभागाच्या डॉक्टरबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकलं. त्यानंतर पाऊण तास त्या त्याच्याशी बोलल्या, प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली. पण ठरलं होतं ते त्या पाच मिनिटांतच, आणि हे त्यांचं त्यांना कळायला एका माणसाचा जीव जावा लागला.

त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी अकरा रुग्ण पाहिले होते. शेवटची एक मुलगी अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या वडिलांनी तेवढा वेळ रडून काढला होता. मग ही दोघं आली. बायको पुढे, छातीशी एक वही धरलेली. नवरा मागून, हसतमुख. बसायच्या आधी त्याने मान वाकडी करून बाहेरचा कानोसा घेतला.

"तुमच्या लिफ्टचं दार घासतंय," तो म्हणाला. "खालच्या पट्टीत कचरा बसलाय. दोन मिनिटांचं काम आहे."

डॉक्टरबाई सहा महिने तो आवाज ऐकत होत्या. हॉस्पिटलच्या माणसांना तो सापडला नव्हता. टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी होती. मिस्त्रीने न विचारता तीन गोळ्या उचलल्या, तिन्ही एकदम तोंडात टाकल्या आणि म्हणाला, "आमचं आयुष्य नुसतं वर-खाली, डॉक्टर. पोचत कुठेच नाही." डॉक्टरबाईंना हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

बायको हसली नाही. तिने वही उघडली. ती एका शर्टांच्या कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होती. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, एक भोक जास्त पडलेली पट्टी हे शोधण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. वहीतही तिने तशाच नोंदी केल्या होत्या, तारीखवार. एकसुरी आवाजात ती वाचू लागली. अमुक तारखेला मुलीचा फोन आला. तिचं तीन महिन्यांचं पोट पडलं होतं, ती फोनवर रडत होती. ह्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. अमुक तारखेला ह्यांच्या बहिणीचे यजमान गेले. माणसं जमलेली असताना ह्यांनी जेवण कधी आहे ते तीनदा विचारलं. जिन्यात शेजारच्या बाईच्या केसांना हात लावला. साखरेचा डबा चमच्याने खाऊन संपवला, दोनदा. जाताना-येताना एकच रस्ता, एकच फुटपाथ, तो खणलेला असला तरी खड्ड्यातून.

मिस्त्री ऐकत बसला होता. मधेच डॉक्टरबाईंकडे बघून तो हसला, जणू म्हणत होता, बघा, हे असं आहे.

त्या हसण्याने काम केलं. डॉक्टरबाईंच्या आईला पाहुण्यांसमोर वडिलांच्या चुका मोजायची सवय होती. वडील असेच बसायचे, असेच हसायचे. वडिलांवर त्यांचा जीव होता आणि आईच्या त्या आवाजाचा त्यांना लहानपणापासून तिटकारा. हे सगळं त्या वेळी त्यांच्या मनात आलं असं नाही. मनात आलं असतं तर त्या सावध झाल्या असत्या. तसं काहीच आलं नाही. फक्त खोलीतली एक व्यक्ती त्यांना आवडली आणि दुसरी नकोशी झाली. वीस वर्षांच्या अनुभवाने त्या दोन भावनांना लगेच दोन शास्त्रीय नावं दिली: नवरा सरळ, मोकळ्या स्वभावाचा, बायको अति चिंता करणारी, नवऱ्यावर ताबा ठेवू पाहणारी.

पुढचे प्रश्न त्यांनी विचारले ते हेच पक्कं करायला. तारीख, वार, महिना त्याने बरोबर सांगितला. शंभरातून सात-सात वजा करत तो सहज खाली आला. पाच शब्द दिले होते ते दहा मिनिटांनी पाचही सांगितले. आवाज ऐकू येतात का? नाही. मरावंसं वाटतं का? "मला? कशाला?" झोप उत्तम. भूक उत्तम. घरी भांडणं होतात का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ही भांडते. मी नाही." बायकोने त्यावर मान खाली घातली, आणि ते डॉक्टरबाईंनी कबुली म्हणून धरलं.

तिने वहीची पानं ठेवून घ्यायची विनंती केली. गरज नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

चाचण्या घेण्यासाठी मिस्त्रीला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे विभागातली मानसशास्त्रज्ञ बसायची. नोकरीला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. तासाभराने ती कागद घेऊन डॉक्टरबाईंकडे आली आणि दारातच घुटमळली. तिने सांगितलं की स्मरणशक्ती छान आहे, पण एका मिनिटात 'क'वरून सुरू होणारे जितके सुचतील तितके शब्द सांगा म्हटल्यावर त्याने चार सांगितले, त्यातला एक शिवी होता, आणि मग तो गप्प बसला. नियम बदलला की त्याला बदलता येत नव्हतं. जुन्याच नियमाने तो पुढे जात राहिला. तिच्या डब्यातली पोळी त्याने बोलता बोलता उचलून खाल्ली. आणि वर-खालीचा तो विनोद त्याने तिला तीनदा सांगितला, तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगतोय असा.

"मॅडम, एकदा मेंदूचा स्कॅन करून घेऊ या का?"

डॉक्टरबाई हात धूत होत्या. त्या हसून म्हणाल्या, स्कॅनला तीन महिन्यांची रांग आहे. नवरा-बायकोच्या कुरबुरीसाठी कुणा अपघातवाल्याची जागा अडवायची का? शाळा सोडून चाळीस वर्षं झालेला माणूस आहे, त्याला शब्द कुठून सुचणार? मानसशास्त्रज्ञ हो म्हणाली. तिने अहवालात लिहिलं, 'काही उपचाचण्यांत कामगिरी शिक्षणाच्या मानाने सीमारेषेवर.' हे वाक्य तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं. मूळचं वाक्य वेगळं होतं.

प्रकरण इथेच थांबलं असतं, तर त्या बाईचा त्रास वाढण्यापलीकडे काही झालं नसतं. पण दहा दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी एकटीच. तिने नवऱ्याच्या कंपनीत फोन करून सुपरवायझरला सांगितलं होतं की ह्यांना सध्या वरच्या कामाला लावू नका, खाली गोदामात बसवा. सुपरवायझरने मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, मला काही झालेलं नाही. तेव्हा सुपरवायझरने डॉक्टरांचं पत्र मागितलं. बाईचं म्हणणं एवढंच होतं की पत्र देऊ नका, नाहीतर तपासणी चालू आहे असं तरी लिहा.

डॉक्टरबाईंना हे फार पुढे गेलेलं वाटलं. नवऱ्याच्या नोकरीपर्यंत हात पोचला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आपल्या मते सौम्यपणे सांगितलं, "तुमचा त्रास मला दिसतोय. तो खरा आहे. पण आजार तुमच्या नवऱ्याला नाही. तुम्ही स्वतःसाठी येत जा, दर पंधरा दिवसांनी."

बाईने पिशवी उचलली. मग म्हणाली, "डॉक्टर, एकतीस वर्षं मी ह्यांच्याबरोबर जेवतेय. समोर बसलेला माणूस तो नाही."

हेही वाक्य फाइलमध्ये गेलं. डॉक्टरबाईंनी त्यापुढे लिहिलं, 'पत्नीच्या बोलण्यात अतिशयोक्ती.' मग त्यांनी पत्र लिहिलं. दोन ओळींचं. तपासणीत मानसिक आजाराचं कोणतंही लक्षण आढळलं नाही. कामावर जाण्यास योग्य.

सात आठवडे काही घडलं नाही.

मिस्त्रीचा एक जोडीदार होता. कंपनीत सगळे त्याला लंबू म्हणत. एकोणीस वर्षं दोघं एकत्र काम करत होते. दोघांच्या बायका एकमेकींना बहिणीसारख्या. एकीच्या बाळंतपणात दुसरी महिनाभर राहिलेली. मिस्त्री अलीकडे धड बोलत नाही, नुसता हसतो, हे लंबूच्याही लक्षात आलं होतं. पण डॉक्टरांचं पत्र आल्यावर त्याने मिस्त्रीच्या बायकोची समजूत घातली होती की वहिनी, वय झालं की माणूस थोडा चक्रम होतोच, मी आहे ना बरोबर.

नऊ मजल्यांच्या एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यातलं थांबवायचं बटण बिघडलं होतं. ते बदलायला लंबू खड्ड्यात उतरला. खालचं बटणच काम करत नसल्यामुळे सगळा भरवसा वरच्या खोलीतल्या मुख्य स्विचवर होता. तो बंद करून त्याच्यापाशी उभं राहायचं, आणि खालचा माणूस 'बाहेर आलो' म्हणेपर्यंत हलायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम. मिस्त्रीने हा नियम स्वतः डझनभर नव्या कामगारांना शिकवला होता. त्या दिवशी स्विचपाशी तो उभा होता.

दहा वाजले, रोजच्या चहाची वेळ. मिस्त्रीने स्विच चालू केला, खोलीला कुलूप लावलं आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर चहा प्यायला गेला. तिथे कुणाच्या तरी निरोप समारंभाचा केक मांडलेला होता. तो खात असताना तळमजल्यावरून किंकाळी ऐकू आली. माणसं धावली; लिफ्ट खाली आली होती आणि लंबू तिच्याखाली जागीच गेला होता. मिस्त्री धावला नाही. पोलीस आले तेव्हा तो चौथा तुकडा खात होता.

त्याला विचारलं, स्विच का चालू केलास? तो म्हणाला, "दहा वाजले होते." खाली माणूस आहे हे माहीत नव्हतं का? "होतं की. लंबू होता." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की लिहून घेणाऱ्या हवालदाराचा हात थांबला. मग मिस्त्रीने विचारलं, लंबू आता कामावर येणार नसेल तर त्याचा मोठा पाना मला मिळेल का?

गावभर बातमी झाली ती एका निर्दय माणसाची. लंबूच्या बायकोने ती ऐकली. मिस्त्रीच्या बायकोने तिच्या दारात जाऊन दोनदा बेल वाजवली, दोन्ही वेळा दार उघडलं नाही. मिस्त्री कोठडीत होता, आणि तिथल्या पहारेकऱ्याला वर-खालीचा विनोद सांगत होता.

कोर्टाने त्याला दुसऱ्या हॉस्पिटलात तपासायला पाठवलं. तिथे रांग नव्हती, आदेश होता. स्कॅनमध्ये मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला दिसला. स्मरण शाबूत, हिशेब शाबूत. गेलं होतं ते दुसऱ्याचं दुःख जाणवणं, थांबणं, आवरणं. हा आजार हळूहळू वाढतो आणि त्यावर औषध नाही. तिथल्या डॉक्टरने लिहिलं की सुरुवात किमान दोन वर्षांपूर्वीची असावी आणि याची पहिली चाहूल नेहमी घरच्या माणसांना लागते.

मग चौकशी आली. हॉस्पिटलच्या प्रमुखांनी डॉक्टरबाईंना बोलावून फाइल समोर ठेवली. ते घाबरलेले नव्हते. त्यांनी फाइल वाचली होती आणि त्यांना ती उत्तम वाटली होती. सगळे प्रश्न विचारलेले, सगळी उत्तरं नोंदलेली, मानसशास्त्रज्ञाचा अहवालही जोडलेला. त्या दिवशी लक्षणं नव्हती, आजार नंतर बळावला, एवढंच सांगायचं.

डॉक्टरबाईंनी फाइल घरी नेली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून वाचली. प्रमुख म्हणत होते ते खरं होतं. ही फाइल कुणी त्यांच्यासमोर ठेवली असती, तर त्यांनीही सही केली असती. गोळ्यांचा उल्लेख नव्हता. पोळीचा नव्हता. मुलीच्या फोनबद्दल लिहिलं होतं, 'मुलीच्या गर्भपाताबाबत पत्नी अद्याप व्यथित.' व्यथित बायको होती हे नोंदलं गेलं होतं. नवरा व्यथित नव्हता, हे नाही. त्यांनी खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. जे जुळलं ते लिहिलं होतं, जे जुळलं नाही ते त्यांना दिसलंच नव्हतं, किंवा दिसलं आणि त्यांना ते गोड वाटलं होतं. त्या उठून मोरीपाशी गेल्या आणि नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मानसशास्त्रज्ञाला विचारलं की अहवालात आधी काय लिहिलं होतं. ती रडायला लागली. तिने सांगितलं: 'मेंदूच्या पुढच्या भागाच्या कार्यात स्पष्ट दोष, तातडीने स्कॅन आवश्यक.' मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही हसलात ना, मग मला वाटलं मीच चुकतेय."

चौकशी समितीत तिघं होते. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, खिडकीला लावलेले पट्टीचे पडदे. डॉक्टरबाईंनी गोळ्यांबद्दल सांगितलं, विनोदाबद्दल सांगितलं, वहीबद्दल सांगितलं. मानसशास्त्रज्ञाने स्कॅन सुचवला होता आणि आपण तो हसण्यावारी नेला, हेही सांगितलं. प्रमुख मागच्या रांगेत बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं की इतकी चिन्हं समोर असताना आजार पत्नीच्या बाजूला आहे, हे कशावरून ठरवलं?

"तो मला आवडला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती नाही आवडली."

अध्यक्षांनी ते पुन्हा म्हणायला सांगितलं, नोंदीसाठी. त्यांनी पुन्हा म्हटलं.

त्यांना दोन वर्षं दाखले द्यायला मनाई झाली आणि बाह्यरुग्ण विभागातून त्यांची बदली झाली. मानसशास्त्रज्ञाने नोकरी सोडली. कुणी तिला काढलं नव्हतं. जाताना ती भेटायला आली नाही. मिस्त्रीवरचा खटला आजारामुळे थांबला आणि त्याला बायकोच्या हवाली करण्यात आलं, कारण अशा रुग्णाला ठेवून घेणारी जागा कुठेच नव्हती.

डॉक्टरबाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा दुपार होती. बायकोने दार उघडलं आणि लगेच आतून कडी लावली. उघडं राहिलं की हे निघून जातात, असं तिने सांगितलं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांना कुलपं होती. तिने कारखान्यातली नोकरी सोडली होती. मिस्त्री खिडकीपाशी बसून जीभ टाळ्याला लावून टक टक असा आवाज करत होता, न थांबता. त्याने डॉक्टरबाईंना ओळखलं. नाव, दिवस, वार सगळं आठवत होतं. हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार घासायचं थांबलं का, असं त्याने विचारलं आणि उत्तर ऐकून न घेता पुन्हा टक टक सुरू केली.

डॉक्टरबाईंनी माफी मागायला सुरुवात केली. बाईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "मी रोज रात्री देवाशी नाही, तुमच्याशी भांडते. त्याने काही होत नाही. तुम्हाला काही करायचंच असेल तर लंबू भावोजींच्या घरी जा. तिला सांगा, ह्यांनी जाणूनबुजून नाही केलं. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही. तुमचं पत्र ऐकून तिने नवऱ्याला ह्यांच्याबरोबर पाठवलं होतं, तर हेही तुमच्याच तोंडून ऐकू दे."

डॉक्टरबाई गेल्या. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब वाट होती, आणि होती फक्त दोन गल्ल्यांची. लंबूच्या बायकोने त्यांना उभंच ठेवलं. घरात लंबूच्या उंचीला पुरेल म्हणून उंच करून घेतलेला ओटा होता. तिचे हात त्यावर जेमतेम पोचत. डॉक्टरबाईंनी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं: आजार काय, त्यात काय जातं, तो कधी सुरू झाला, कुणी ओळखला, कुणी ओळखला नाही.

"म्हणजे भाऊजींना कळत नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"कळत होतं. पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. तो भाग राहिलेला नाही."

"आणि तुम्हाला कळायला हवं होतं."

"हो."

ती ओट्यावरच्या फडक्याच्या घड्या घालत राहिली. राग धरायला माणूस बदलून मिळाला होता, पण त्याने तिचं काही हलकं झालेलं दिसलं नाही. मग ती म्हणाली की तुम्ही आता जा. आणि डॉक्टरबाई दाराशी पोचल्यावर मागून म्हणाली, "तिला सांगा, येऊ नकोस म्हणावं. अजून."

डॉक्टरबाई परत त्या दोन गल्ल्या चालून गेल्या आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. मिस्त्रीची बायको दाराची कडी हातात धरून ऐकत होती.

"अजून म्हणाली?" तिने विचारलं.

"अजून म्हणाली."

आतून मिस्त्रीने जेवण कधी आहे ते विचारलं. नुकतंच झालं होतं. बायको त्याला तसं सांगायला आत गेली, आणि डॉक्टरबाईंनी बाहेरून दार ओढून घेतलं.